लेकीसाठी पहिली शॉटगन: १२ गेज की २०? (ट्रॅप शूटिंग, मिनेसोटा)

हिमगावचा_बाबा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही मिनेसोटात ट्विन सिटीजच्या बाहेर एका गावात राहतो. लेक चौदा पूर्ण, नववीत. इथे शाळाशाळांत क्ले टार्गेटच्या टीम असतात (यंत्राने हवेत सोडलेल्या बशा शॉटगनने फोडायच्या, त्यातलाच ट्रॅप हा एक प्रकार), २००१ पासून लीग चालू आहे आणि आता फुटबॉल-हॉकीच्या बरोबरीने मुलं त्यात जातात. जूनमध्ये अलेक्झांड्रिया नावाच्या गावी मोठी स्पर्धा असते, अक्षरशः जत्रा. लेकीच्या दोन मैत्रिणी टीममध्ये आहेत म्हणून हिलाही जायचंय. बायको आधी म्हणाली टेनिसने काय घोडं मारलंय, पण मग क्लबवर जाऊन एक दिवस बघून आली आणि गप्प झाली. तिथली शिस्त बघून म्हणाली असं आपल्या क्लासमध्ये कोणी वागत नाही.

फायरआर्म सेफ्टीचा कोर्स लेकीने केलाय, लेखी पण आणि मैदानावरचा दिवस पण. आता प्रश्न गनचा. कोच म्हणतात १२ किंवा २० गेज (हे नळीचं माप), दोन्ही चालतं. दुकानात गेलो तर त्याने २० गेजची छोटी हलकी यूथ पंप (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालणारी) हातात दिली, म्हणाला मुलींना हीच बरी. ऑफिसातला एक जण म्हणतो १२ घे, पोरगी वाढतेय, दोन वर्षांत परत पैसे घालशील. लेक ५ फूट १ इंच, वजन ४४ किलो. मी स्वतः आयुष्यात जत्रेत फुगे सोडून काही फोडलेलं नाही. बजेट सहाशे-सातशे डॉलर, ताणून हजार.

(अमेरिकेत बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर कृपया इथे नको, त्यावर शंभर धागे आहेत.)

गोट्या_७७
फुगे किती फुटले होते ते सांगा, मग सल्ला देऊ.

हिमगावचा_बाबा
दहातला एक. तोही शेजारचा.

तिखटमीठ
एक आगाऊ प्रश्न, राग मानू नका. व्हिसा कुठला? एच-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर गन विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही फेडरल कायद्याने बंद आहे, गोळ्यासुद्धा. अपवाद आहेत, उदा. वैध हंटिंग लायसन्स असेल तर, पण त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, मित्राबरोबर रेंजवर जाऊन सेल्फी टाकत बसतात.

हिमगावचा_बाबा
नाही नाही, आम्ही सगळे सिटिझन. पण बरं झालं लिहिलंत, आमच्या ग्रुपमधल्या एकाने मागच्याच महिन्यात असा सेल्फी टाकलाय, त्याला लिंक पाठवतो.

ओहायोतला_काका
माझ्या दोन्ही मुलांनी शाळेत ट्रॅप केलं आणि मी सात-आठ वर्षं मदतनीस म्हणून क्लबवर उभा होतो, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

तुमचा प्रश्नच उलटा आहे. १२ की २० हे तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतं. पहिलं बघायचं ते दस्त्याची लांबी. घोड्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत जे अंतर, ते मोठ्या माणसांच्या गनला साधारण १४ ते साडेचौदा इंच असतं, यूथ मॉडेलला साडेबारा-तेरा. तुमच्या लेकीच्या उंचीला पूर्ण मापाची गन दिली तर ती काय करेल, दस्ता खांद्याच्या खळगीत बसत नाही म्हणून दंडावर घेईल, आणि पुढचं वजन तोलायला कंबरेतून मागे वाकेल. केळीच्या खांबासारखी पोरं दिसतात लाइनवर, ओळखू येतात लांबून. मग बार दंडावर बसतो, निळं होतं, आणि पुढच्या शनिवारी पोटात दुखायला लागतं.

आपण शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचो ना, तसं गनचं करू नका. ऑफिसातला मित्र तेच सांगतोय.

दुसरी गोष्ट वजन. दुकानदाराने हलकी दिली ती उचलायला सोपी म्हणून. पण गन जितकी हलकी तितकी लाथ, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का, जास्त. हलक्या २० गेजची लाथ वजनदार १२ गेजपेक्षा सहज जास्त बसू शकते, काडतूस कुठलं घालताय त्यावर आहे. लोकांना वाटतं लहान मूल, लहान गन. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे ती एकनळी, मोडून भरायची, अडीच किलोची गन. दिसायला खेळणं, पण खांद्याचा भुगा. मोठ्याला मी हीच घेतली होती. पंचवीस बार झाल्यावर पोरगा म्हणाला बाबा घरी जाऊ. महिनाभर नाव काढलं नाही त्याने.

सह्याद्रीवारा
काका, मोडून भरायची म्हणजे?

ओहायोतला_काका
म्हणजे बिजागरीवर उघडते ती. आपल्याकडची दुनळी उघडतात तशी.

रेंजवरचा_राजा
काकांशी बराच सहमत पण २० गेजला इतकं झोडपू नका. माझ्या मुलीने (तेव्हा १२ वर्षांची) २० गेजच्या गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोने (रिकामं काडतूस आपोआप बाहेर टाकणारी) सुरुवात केली, जुनी रेमिंग्टन ११००, वापरलेली, काही त्रास नाही. गॅसवाल्यात बार उडाला की थोडा गॅस मागे घेऊन यंत्रणा चालते, त्यामुळे धक्का एकदम ठोसा बसल्यासारखा न येता ढकलल्यासारखा येतो. फरक कागदावर नाही कळत, खांद्याला कळतो.

तोटे दोन. काजळी धरते, दर थोड्या दिवसांनी खोलून साफ करावी लागते, आणि रिकामं काडतूस उजवीकडे उडतं ते शेजारच्या पोराच्या कानाखाली. त्यासाठी छोटा कॅचर मिळतो, पंधरा-वीस डॉलरला, तो लावा नाहीतर पहिल्याच दिवशी दुश्मनी.

बाकी पंप म्हणाल तर ट्रॅपला एकच गोळी भरायची असते एका वेळी, त्यामुळे पंपनेही काही अडत नाही, स्वस्तात मस्त. मॉसबर्ग ५००, रेमिंग्टन ८७० यावर अख्ख्या पिढ्या शिकल्यात.

कोकणी_वाणी
अवांतर होतंय, पण पहिल्या बाराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर (म्हणजे १२ गेजच) होती, डुकरं आणि वांदर यांच्यासाठी. त्याआधी पणजोबांची ठासणीची, केपाची. इलेक्शन आली की पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, नेमकं त्याच दिवसांत डुकरं नाचणी लोळवून जायची, त्यांनाही आचारसंहिता कळत असावी. मी दहावीच्या सुट्टीत गेलो तेव्हा काकांनी खळ्यात नेऊन हातात दिली. (हे कायद्यात बसत नाही ते आता कळतं. तेव्हा विचारणारं कोण होतं.) म्हणाले खांद्याक घट्ट धर. मला भीती वाटली लागेल म्हणून मी दोन बोटं लांब धरली. तीच चूक. बार झाला, मी बसलो फणसाच्या मुळावर, समोरचा नारळाचा झाप जागच्या जागी. आजीने आंबेहळद उगाळून लेप लावला आणि काकांना जेवायला वाढलं नाही त्या दिवशी. आठ दिवस खांदा जांभळ्यासारखा.

म्हणून काकांचं म्हणणं पटतं. धक्क्याची भीती एकदा अंगात बसली की जात नाही, मी अजून लग्नात आपटबार फुटला तरी डोळे मिटतो.

गोट्या_७७
डुकरांना आचारसंहिता 😂 वारलो.

पेठेतला
आपल्याकडे इतके नेमबाज, पण हे शॉटगनचं फार कोणी करत नाही बघा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, परवा २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे, सगळी रायफल-पिस्तुलवाली मंडळी, त्यात निम्मं कोल्हापूर. शॉटगनचं पहिलं ऑलिंपिक पदक राज्यवर्धन राठोडचं, २००४ अथेन्स, डबल ट्रॅप (एका वेळी दोन बशा), सिल्व्हर. पॅरिसलाही स्कीटच्या (दोन बाजूंनी बशा सुटतात तो प्रकार) मिक्स्ड टीममध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत नरुका एका गुणाने ब्राँझला मुकले.

कारण साधं आहे, एअर रायफलच्या छऱ्यांचा डबा किती दिवस पुरतो आणि इथे प्रत्येक बाराला एक काडतूस आणि वर एक मातीचं कबुतर. हौसेला मोल नाही म्हणतात पण बिल येतंच. शिवाय परवाना २१ वर्षांपुढे, त्याआधी क्लबच्या देखरेखीखाली सराव. तुमच्याकडे पोरगी शाळेतून जाऊन करते हे वाचूनच मजा वाटली.

सह्याद्रीवारा
मातीचं कबुतर खरंच मातीचं असतं का?

पेठेतला
नाव तेवढं. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड, बशीसारखा आकार, साधारण ११ सेंटिमीटर. कबुतर नाव पडलं कारण आधी खरी कबुतरं सोडून मारायचे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मारली होती.

हिमगावचा_बाबा
सासूबाईंना फोनवर "क्ले पिजन" सांगितलं तेव्हा त्यांना पिजनच ऐकू आलं. दोन दिवस बोलत नव्हत्या. आता कळलंय, तर म्हणतात खंडेनवमीला पूजा करा, हळदकुंकू वाहा, शस्त्र आहे शेवटी.

मीठमसाला_आई
मी जरा वेगळं लिहिते, बाबांनी नको म्हटलंय ते राजकारण नाही, पण घरातलं आहे.

गन घरी आणायलाच हवी का? मी शाळेत काउन्सेलिंग विभागात काम करते. टीनएजर मुलांच्या बाबतीत मला अपघातापेक्षा दुसरी भीती जास्त वाटते. या वयात एखादी संध्याकाळ फार वाईट जाते, ब्रेकअप असेल, मार्क असतील, आपल्याला पत्ताही नसतो. त्या तासाभरात हाताशी काय आहे याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुलगी कितीही समंजस असली तरी. माझी मुलगीही समंजसच होती, आणि दहावीचं वर्ष आमचं कसं गेलं ते मला माहीत. (ती आता छान आहे.)

त्यामुळे घेणार असाल तर सेफ आधी घ्या, गन नंतर. आणि किल्ली किंवा कोड लेकीला माहीत नको. गन तिची, कुलूप तुमचं. काडतुसं वेगळ्या ठिकाणी वेगळ्या कुलपात.

रेंजवरचा_राजा
ताई, थोडं जास्त होतंय असं वाटतं. ज्या मुलांना आपण हत्यार हाताळायला शिकवतो त्यांच्यावरच अविश्वास दाखवला तर जबाबदारी कशी येणार? आमच्या मुलीला कोड माहीत आहे.

मीठमसाला_आई
दादा, अविश्वास नाहीये हा. कारची किल्ली आपण सोळाव्या वर्षी देतो, पण उतरणीवर हँडब्रेक लावतोच ना. विश्वास आहे तो तिच्यावर, त्या एका संध्याकाळवर नाही.

ओहायोतला_काका
या बाबतीत मी ताईंच्या बाजूने. आमच्याकडे कोड फक्त मला आणि बायकोला. मुलांनी कधी तक्रार केली नाही, उलट मित्रांनी दाखव म्हटलं की "मला उघडता येत नाही" हे त्यांना आयतं उत्तर होतं.

रेंजवरचा_राजा
हे मित्रांचं लक्षात नव्हतं आलं. ओके, विचार करतो.

लीड्सकर
आमच्याकडे यूकेत पोलीस घरी येऊन कपाट भिंतीला बोल्ट केलंय का ते बघून जातात, मगच सर्टिफिकेट. मुलांना सर्टिफिकेट मिळू शकतं पण पंधराच्या आत असेल तर २१ वरचा माणूस बरोबर लागतोच, आणि अठराच्या आत विकत घेता येत नाही. आमच्या क्लबात लहान पोरं बहुतेक २० बोअर, काही काही २८.

गोट्या_७७
आकडा वाढतो तशी गन लहान का होते? वायरच्या गेजसारखं आहे का?

लोखंडी_चणा
तसंच काहीसं. एक पौंड शिशाच्या नळीत नेमक्या बसतील अशा बारा सारख्या गोळ्या केल्या तर ती नळी १२ गेज (साधारण साडेअठरा मिमी), वीस केल्या तर २० (साडेपंधरा-पावणेसोळा मिमी). म्हणून उलटं. चारशे दहा नावाची अजून बारीक नळीची गन असते, तो मात्र गेज नाही, ते इंचातलं माप आहे, ०.४१०. आणि नवशिक्याला ती देऊ नका, छरे इतके कमी असतात की नेम बरोबर असूनही बशी निसटते आणि पोर हिरमुसतं. ती खरं तर मुरलेल्यांची गन.

आता इंजिनिअर आहे तर हिशोब मांडतोच. काडतूस तेच असेल तर गनला मिळणारा संवेग तोच, आणि धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात. सहा पौंडांची गन आठ पौंडांची केली की ऊर्जा २५ टक्क्यांनी कमी. शिवाय काडतुसात १ १/८ औंस (३२ ग्रॅम) छऱ्यांऐवजी ७/८ औंस (२५ ग्रॅमच्या आतबाहेर) घेतले तर अजून बरंच कमी. ऑलिंपिकवालेही २४ ग्रॅमवरच खेळतात, १६ यार्डांच्या रेषेवरून बशी फोडायला तुमच्या लेकीला त्याहून जास्त कशाला हवंय. तर माझं मत: आठ पौंडांच्या आसपासची १२ गेज गॅस सेमी, छोटा दस्ता, ७/८ औंसचं हलकं काडतूस. २० गेजची काडतुसं काही वेळा महागही पडतात.

ओहायोतला_काका
चणाजी, हिशोब बरोबर, पण आठ पौंड ४४ किलोच्या पोरीने पन्नास वेळा उचलायचेत. लीगमध्ये आठवड्याला दोन राउंड, पंचवीस-पंचवीस. चाळिसाव्या बाराला नळी खाली लोंबायला लागते. सात-साडेसातवर थांबा.

लोखंडी_चणा
मान्य. खांद्याचं गणित केलं, दंडाचं राहिलं.

तिखटमीठ
अजून एक कायद्याचं, मग गप्प बसते. दुकानदार अठराच्या आतल्याला विकणार नाही, फॉर्म तुमच्या नावाने भरायचा आणि लेकीला द्यायची, हे भेट म्हणून चालतं. पण दुसऱ्याने पैसे द्यायचे आणि तुम्ही त्याच्यासाठी घ्यायची, हे करू नका, तो गुन्हा आहे. मित्र एच-१ वर आहे म्हणून "तुझ्या नावाने घे ना" म्हणेल, त्या सेल्फीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.

पावसाळी_छत्री
कोणीच डोळ्यांचं बोललं नाही अजून!!

लेक उजवी आहे, पण नेमाचा डोळा कुठला? दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांचा छोटासा त्रिकोण करायला सांगा, त्यातून लांबचं काहीतरी, भिंतीवरचं घड्याळ म्हणा, बघायला सांगा, मग दोन्ही डोळे उघडे ठेवून हात हळूहळू चेहऱ्याकडे आणू दे. त्रिकोण आपोआप ज्या डोळ्यावर येतो तो तिचा डोळा. माझा मुलगा उजवा आणि डोळा डावा. आम्हाला पत्ता नाही, पूर्ण एक सीझन तो बशीच्या बाजूला मारत होता, आम्ही म्हणतोय लक्ष दे लक्ष दे. कोचने एका मिनिटात ओळखलं. मग चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून बघितला, शेवटी डाव्या खांद्यावरूनच शिकला. अशा मुलांना उजवीकडे काडतूस फेकणारी सेमी तोंडासमोरून जाते, त्यामुळे हे गन घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

हिमगावचा_बाबा
आत्ता जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची परीक्षा घेतली. लेक उजवी-उजवी. मी उजवा-डावा निघालो!! जत्रेतल्या फुग्यांचं कारण चाळिशीत कळलं.

गोट्या_७७
शेजारचा फुगा = केस क्लोज्ड.

रेंजवरचा_राजा
राहून गेलं ते लिहितो आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात किंवा बॅगेत १२ आणि २० ची काडतुसं कधी एकत्र ठेवायची नाहीत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, दिसत नाही. मूल म्हणतं बार उडाला नाही, वर बाराचं घालतं, आणि मग नळी फुटते हातात. म्हणून वीसची काडतुसं पिवळी असतात. आमच्या क्लबात एकाच्या जॅकेटच्या खिशात दोन्ही रंग सापडले, मुलगा मैत्रिणीची उसनी घेऊन आला होता, कोचने त्याला त्या दिवशी लाइनवर घेतलंच नाही. रडला बिचारा, पण बरोबर केलं.

ही पण एक बाजू आहे १२ की २० ची. टीममधली बाकी मुलं काय वापरतात ते विचारा.

कोकणी_वाणी
वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोबांकडे एकच गन, एकच डबा, सुखी माणूस.

ओहायोतला_काका
आणि बाबा, घेण्याआधी हे करा. कोचला विचारा, क्लबकडे किंवा वर गेलेल्या मुलांकडे उसन्या गन असतात. तीन-चार वेगवेगळ्या घेऊन प्रत्येकीवर दहा-पंधरा बार. दुकानात आरशासमोर सगळ्याच छान वाटतात, साडीसारखं. तुम्ही बशीकडे बघू नका, तिच्या डोळ्यांकडे बघा. बार व्हायच्या आधी पापणी मिटत असेल तर ती गन नको. कोच मधेच गुपचूप डमी काडतूस भरतात, बार होत नाही आणि पोर नुसतंच दचकून नळी खाली मारतं, तेव्हा सगळं कळतं.

हिमगावचा_बाबा
(दोन आठवड्यांनी) अपडेट द्यायला आलो.

काल क्लबवर गेलो, बाहेर उणे चार, बर्फ, कॉफी गोठायची बाकी. कोचनी तीन गन दिल्या. पहिली दुकानदाराने दाखवली तशीच हलकी २० पंप. सहाव्या बाराला लेकीने खांदा चोळला, डमीला दचकली. दुसरी कोणाची तरी १२ ची मोठी एकनळी ट्रॅप गन, उचलताना केळीचा खांब तंतोतंत, काका तुमची आठवण आली, कोचनी बार न उडवताच परत घेतली. तिसरी २० गेज गॅस सेमी, सात पौंडांच्या आतबाहेर, छोटा दस्ता आणि मागे रबराच्या चकत्या घालून लांबी वाढवता येते अशी. म्हणजे लहानपणी आई फ्रॉकला आत दुमड घालून ठेवायची आणि उंची वाढली की उसवायची, तसंच. पंचवीसमध्ये अकरा फोडल्या. डमीवर नळी हललीच नाही. शेवटच्या पाचात तर तीन सलग, आणि मागे वळून हसली, तेव्हा कोच ओरडले नळी पुढे! नळी पुढे! हसू जागच्या जागी थांबलं पण नळी पुढेच होती, वळलं होतं फक्त डोकं.

ठरवलंय ते असं. हा सीझन तीच गन क्लबकडून उसनी, तिथेच कुलपात राहील. मे महिन्यात तिला अजून जावंसं वाटलं तर वापरलेली तशीच शोधायची. टीममध्ये बाराजणांत आठ जण १२ वापरतात, म्हणून काडतुसांची पिशवी वेगळी, पिवळ्या रंगाचीच घेतली. चणाजी, सॉरी, हिशोब हरला.

लोखंडी_चणा
हिशोब नाही हरला, वजन सात पौंड आणि गॅसच घेतलीत ना. गेज तेवढा मी चुकलो.

मीठमसाला_आई
क्लबमध्येच राहणार हे वाचून बरं वाटलं.

पेठेतला
आणि खंडेनवमीचं काय? उसन्या गनला हळदकुंकू चालतं का?

हिमगावचा_बाबा
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या कानावरच्या हेडफोनला आणि चष्म्याला वाहा, ते तर तुमचे आहेत ना.